ओव्हाळ डॉक्टरांचा राहिलेला कागद

नाग बारा वर्षं डूख धरतो, असं आमच्याकडे म्हणतात. शिरूरच्या ओव्हाळ डॉक्टरांनी तो पंचवीस वर्षं धरला. नाग निदान फणा तरी काढतो. हे गृहस्थ समोरच्याला चहा पाजायचे, पाठीवर हात ठेवायचे आणि गोड आवाजात म्हणायचे, "या, बसा उजेडात." त्या उजेडात भल्याभल्यांचं पाणी उतरलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. माझं तर चड्डीसकट उतरलं.

मी तेव्हा एका औषध कंपनीचा एमआर होतो. गळ्यात टाय, बुडाखाली फटफटी आणि शिरूर, न्हावरा, चौफुला, दौंड हा माझा पट्टा. माझं बोलणं ऐकणारे त्यातलं निम्मं वजा करून घेतात, तुम्हीही घ्या. फक्त जपून करा. ओव्हाळ डॉक्टरांच्या बाबतीत खरं निम्मं कुठलं, हे मलाच अजून नीट सांगता येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी शिरूरच्या एसटी स्टँडमागं दोन खोल्या घेतल्या आणि बाहेर पाटी लावली : 'त्वचारोगतज्ज्ञ'. तालुक्यात तो शब्द एका दमात वाचणारी तीनच माणसं होती, त्यातला एक पाटी रंगवणारा. पहिल्या महिन्यात एकजण दाढ काढायला आला, एकजण तलाठ्याचं हापिस हेच का विचारून गेला, आणि खरोखरचा पहिला पेशंट आला तो न्हावऱ्याकडची म्हैस. खरूज झाली होती. डॉक्टरांनी तिला नाही म्हटलं नाही. "खरूज ती खरूज," म्हणाले, "हिला मलम फक्त बादलीनं लागंल."

गावातले बाकीचे डॉक्टर हसायचे. पारावरचे म्हातारे हसायचे. "कातडीला कसला आलाय स्पेशल डॉक्टर? वरवरचं तर हाय समदं."

"वरवरचं हाय म्हणूनच तर सगळ्यांना दिसतं," डॉक्टर म्हणायचे. "काळजाला भोक पडलं म्हणून कुणाची सून माघारी धाडल्याचं ऐकलंय का तुम्ही?"

डॉक्टर हसतमुख. पण हसताना त्यांचा डावा डोळा हसायचा नाही, हे मला पुढं कळलं.

कॉलेजात असताना त्यांना सर्जरी मिळत होती. गुणांनी पहिले होते. मास्तर लोकांनी समजावलं, ओव्हाळ, वेडा आहेस का, कातडीच्या खात्याला कोण जातं? आणि खरंच कोण जात नव्हतं. इस्पितळाच्या पार मागं, पत्र्याच्या शेडमध्ये ती ओपीडी. दारावर 'त्वचा व गुप्तरोग' अशी पाटी, त्यामुळं साध्या नायट्याचा माणूससुद्धा आत शिरताना चोरासारखा मागं बघायचा. शेजारी महारोग्यांची खोली. डॉक्टर मंडळींत थट्टा चालायची, की कातडीचा डॉक्टर व्हावं, पेशंट मरतही नाही आणि बराही होत नाही, जन्माची सोय. "पण आमच्याच वेळेला महारोगाच्या तीन गोळ्यांचा कोर्स आला," डॉक्टर सांगायचे. "हजारो वर्षं ज्याला गावाबाहेर काढलं तो माणूस वर्षा-दोन वर्षांत बरा होऊन घरी जायला तयार. औषध तयार, माणूस तयार. घर तयार नाही. तेव्हाच मला कळलं की या धंद्यात निम्मा रोग पेशंटच्या अंगावर नसतो, तो त्याच्या घरच्यांच्या डोळ्यात असतो."

म्हणून त्यांचे तीन नियम. पहिला : कातडी ट्यूबलाइटखाली बघायची नाही. पूर्वेच्या खिडकीत एक लाकडी स्टूल होतं. उन्ह सरकेल तसं डॉक्टर स्टूल सरकवायचे, स्टुलामागं पेशंट, पेशंटमागं रांग. दुपारपर्यंत अख्खी रांग फिरून पश्चिमेच्या दारात पोचलेली असायची. आभाळ भरून आलं की दवाखाना बंद. "ढग हाय, उद्या या." शिरूरमध्ये कांदा वाळत घालणाऱ्या बायका आधी पोरीला दवाखाना उघडा आहे का बघायला पाठवायच्या, मग घालायच्या.

दुसरा नियम : आधी हात, मग तोंड. मोज्याबिज्याशिवाय उघड्या हातानं पेशंटला शिवल्याखेरीज डॉक्टर एक अक्षर बोलायचे नाहीत. कितीतरी माणसं नुसत्या त्या हातानंच रडायला लागायची.

तिसरा नियम कागदाचा. शिबं असो, कोड असो, इसब असो, निदान झालं की डॉक्टर मराठीत मोठ्या अक्षरात रोगाचं नाव लिहायचे आणि खाली शिक्का बसायचा : 'हा रोग शिवल्याने होत नाही.' जो रोग खरंच लागट असेल त्याला हा शिक्का नाही, त्याला औषध सगळ्या घराला. हा कागद पेशंटसाठी नव्हता. तो घरच्यांना वाचून दाखवायचा. माझ्या माहितीत त्या कागदानं दोन मोडलेली लग्नं जुळवली, आणि कवठ्याकडच्या एका पुजाऱ्याला पुन्हा गाभाऱ्यात घेतलं.

शिक्का मारायची ती डॉक्टरांची थोरली बहीण, लीलाक्का. दारात बसायची, नंबर पुकारायची, पडदा धरायची. चाळिशीला टेकलेली, काटक, काळीसावळी, गुळगुळीत कातडीची बाई. तिच्यापुढं कापसाचे बोळे ठेवलेली एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली असायची. कडेला चेपलेली, जुनाट. मी एकदा शहाणपणा करून म्हटलं, "डॉक्टर, कंपनीकडून स्टीलचा ट्रे देतो की छानसा."

डॉक्टर म्हणाले, "ती ताटली मढ्यावर ठेवायची हाय एकाच्या."

मग त्यांनी सांगितलं. लीलाक्काचं लग्न दौंडला झालं होतं. सासरा रेल्वेत फिटर. सगळी कॉलनी त्यांना आबा म्हणायची. मोठा मान. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं, भाषण असं की इंजिनसुद्धा शिट्टी वाजवायचं थांबावं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सुनेच्या मानेवर फिकट डाग दिसले. आबांनी ते ओसरीवरनं पाहिले. जवळ आले नाहीत, हात लावला नाही. दहा हातांवरनं बोलले, "महारोग हाय." त्या दिवसापासनं तिची ताटली वेगळी आणि भाकरी वरनं टाकायची. महिन्याभरानं तिला माहेरी धाडली. सोबत ताटली पण धाडली, कारण ती घरात ठेवून काय करणार? पोराचं दुसरं लग्न लावलं.

"शिबं होतं," डॉक्टर म्हणाले. "घामानं येतं ते. पुण्याच्या डॉक्टरनं नखानं खरवडलं, कोंडा निघाला, लोशन दिलं. पंधरा दिवसांत रोग खलास. पण शिब्याची एक खोड असते. रोग पंधरवड्यात मरतो, कातडीचा रंग यायला चार महिने लागतात. तेवढे दिवस बरा माणूस रोगी दिसतो. माझा बाप सांगायला दौंडला गेला तर आबांनी त्याला बसा म्हटलं नाही. चार महिन्यांनी रंग आला. बघायला कोण आलं नाही." मग ताटलीकडं बघत म्हणाले, "आपल्या लोकांना पिढ्यान्पिढ्या वरनं पाणी वाढलं. आणि समतेवर भाषणं ठोकून घरी आलेल्या या माणसानं माझ्या बहिणीला वरनं भाकरी टाकली. परक्यानं केलं असतं तर मी एखाद्या वेळेस विसरलो असतो."

दर मंगळवारी बहीणभाऊ दौंडला यायचे. स्टेशनच्या रस्त्याला एक खोली होती, रस्त्याकडं भली मोठी खिडकी. आबा रोज सकाळी त्याच रस्त्यानं फिरायला जायचे आणि दवाखाना आला की पलीकडच्या कडेला व्हायचे. "लोकांना वाटतं मी दौंडला प्रॅक्टिसला येतो," डॉक्टर म्हणाले. "मी वाट बघायला येतो. माणूस हाय, कातडी हाय, कधीतरी काहीतरी उठंलच. तो आला ना, की मी हात लावणार नाही. दहा हातांवरनं बघणार आणि तोच एक शब्द बोलणार."

त्यांच्या सुडाची चव मी स्वतः घेतलेली आहे. मी जी ट्यूब विकायचो तिच्यात तीन औषधं एकत्र होती, त्यातलं एक स्टिरॉइड. दोन दिवसांत खाज बंद. दुकानदार ती गोळ्या-बिस्किटांसारखी विकायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी माझं पंधरा मिनिटांचं भाषण ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः ही किती दिवस लावताय?"

"मी कुठं लावतोय?"

"खुर्चीवर तीन वेळा सरकलात. बसा उजेडात."

फटफटीच्या सीटनं मला जांघेत गजकर्ण झालं होतं आणि मी आपलीच फुकटची ट्यूब चोळत होतो. पँट उतरवली तर तिथं महाराष्ट्राचा नकाशा, विदर्भासकट, आणि बेळगावकडं सरकतोय. डॉक्टरांनी बाहेरच्या रांगेतले चारजण आत बोलावले. "हे बघा, हा ट्यूब विकणारा आणि ही ट्यूब. खाज मरती, रोग पसरतो." मला औषध दिलं, दोन महिन्यांत बरा केला, आणि त्याबदल्यात प्रत्येक खेपेला रांगेपुढं उभं राहून माझीच ट्यूब का लावू नये हे सांगायची शिक्षा दिली. माझा खप एवढा पडला की वरचा साहेब पुण्याहून बघायला आला. तो खुर्चीत चार वेळा सरकला.

रांजणगावला कारखाने आले तसे हाताला फोड आलेले कामगार यायला लागले, जास्त करून बिहारकडचे. एका कंत्राटदारानं पाचजणांना जीपमधनं आणलं. "घाणेरडे राहतात डॉक्टर, हात धूत नाहीत." डॉक्टरांनी त्या पोरांचे हात हातात घेऊन एकेक बोट तपासलं. मग कामावरचं, यंत्र गार ठेवायला सोडतात ते कूलंट मागवलं, ताटभर ओतलं आणि कंत्राटदाराला म्हणाले, "साहेब, अर्धा तास यात हात बुडवून बसा. मग आपण घाणीबद्दल बोलू."

"छे छे, माझी कातडी नाजूक आहे."

"अस्सं. मग यांची काय गेंड्याची भरती केली होती?" तो हलला नाही, तेव्हा डॉक्टरांनी दार लावून घेतलं. कंत्राटदार बोटांची टोकं बुडवून सात मिनिटं बसला. दुसऱ्या दिवशी पाचही जणांना हातमोजे मिळाले. मी ही गोष्ट सांगताना कधी कधी कोपरापर्यंत बुडवतो.

दोन हजार सालानंतर धंद्याचा रंगच बदलला. ज्या खात्याला कोण कुत्रं विचारत नव्हतं तिथं पहिल्या नंबरची पोरं जायला लागली. लेझर आलं, केस रोवणं आलं, गोरं करायची मलमं आली. मीच एक घेऊन गेलो. डॉक्टरांनी डबीवरच्या बाईचा फोटो बराच वेळ पाहिला. "माणसाला त्याच्या कातडीची लाज वाटायला लावायची आणि मग मलम विकायचं," म्हणाले. "आबांनी हे फुकटात केलं होतं." डबी लीलाक्कानं कचऱ्यात टाकली.

आणि मग एका मे महिन्यातल्या मंगळवारी, दौंडला, मी बॅग मांडीवर घेऊन बसलेलो असताना लीलाक्कानं अकरा नंबर पुकारला आणि कानापर्यंत शाल गुंडाळलेला एक म्हातारा उठला. दौंडचा मे, पत्र्यावर पापड भाजावा असं ऊन, आणि शाल. लीलाक्काचा हात पडद्यावर तसाच राहिला. तिनं ओळखलं. त्यानंही ओळखलं. पण मान खाली घालून आत गेला, कारण दुसरीकडं जायला जागा राहिली नव्हती.

डॉक्टर खुर्चीतच बसून होते. उठले नाहीत. बसा उजेडात म्हणाले नाहीत. पडदा अर्धा उघडा, मला सगळं दिसत होतं. आबा आपणहून स्टुलावर बसले आणि त्यांनी शाल काढली. मान, छाती, पाठ, सगळीकडं फिकट डाग.

"घरच्यांनी ताटली वेगळी केलीय डॉक्टर," आबा म्हणाले. "महिना झाला. गोठ्याशेजारी झोपतोय. नातवंडं जवळ येत न्हाईत. मुलाला म्हटलं पुण्याला ने, तर म्हणतो, गाडीत शेजारी कोण बसंल? घरात नियमच हाय म्हणतात तसा."

"नियम कुणी केला?" डॉक्टरांनी विचारलं.

आबांनी शाल परत छातीशी धरली. मग हळूच म्हणाले, "एवढंच सांगा. तेच हाय का?"

डॉक्टरांना पहिल्या नजरेत कळलं होतं. मला, ट्यूब विकणाऱ्याला कळलं होतं. पण डॉक्टर दहा हातांवरच बसून राहिले. पंचवीस वर्षं घोळवलेला शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर आला होता. ओठ हललेले मी पाहिले. तो एक शब्द, आणि म्हातारा त्या स्टुलावरच संपला असता.

तेवढ्यात लीलाक्का आत गेली. पदर खोचला, आबांच्या मागं उभी राहिली आणि मानेवरच्या डागावर नख ओढलं. पांढरा बारीक कोंडा निघाला.

"कोंडा हाय, वसंता," ती भावाला म्हणाली. "शिबं हाय. माझं व्हतं तेच."

डॉक्टरांनी तोंड मिटलं. सबंध नोकरीत मी कुणाचं तोंड एवढ्या कष्टानं मिटताना पाहिलं नाही. 

आबा स्टुलावर डोळे मिटून बसले. महिन्याभरानं अंगाला माणसाचा हात लागला होता, आणि तो हिचा. लीलाक्कानं लोशनची बाटली दिली, कसं लावायचं ते सांगितलं. आबा हात जोडून म्हणाले, "लीले, कागद दे. कागदाबिगर घरात घेत न्हाईत. लोक सांगतात, तुमचा कागद दावला की घेतात."

लीलाक्कानं शिक्का उचलला आणि कनवटीला खोचला.

"औषध न्या, आबा." मामंजी नाही म्हणाली. सगळी कॉलनी म्हणायची तसं आबा म्हणाली. "औषध कुणालाबी मिळतं. कागद मिळायचा न्हाई."

"का गं?"

"माझाच एक कागद राहिलाय. पंचवीस वर्षं झाली. त्यो तुम्ही लिवायचा. मग तुमचा मी देती."

आबा ताठ झाले. म्हातारपणातही मिरवणुकीचा माणूस होता. शाल गुंडाळून निघून गेले. डॉक्टर म्हणाले, "अक्का, हे असलं माझ्या डोक्यात पण आलं नव्हतं."

"तुझ्या डोक्यात एकच शब्द व्हता," ती म्हणाली, "आन् त्यो खोटा व्हता. नंबर बारा."

पंधरा दिवसांत शिबं मेलं. पण रंग? रंग कुठला यायला. डाग तसेच फिकट, ताटली तशीच वेगळी. बरा झालेला माणूस गोठ्याशेजारी. दर मंगळवारी आबा यायचे, बाकड्यावर बसायचे, विचारायचे, "कागद?" लीलाक्का कापसाचे बोळे वळत विचारायची, "माझा?" आबा उठून जायचे. असे पाच मंगळवार. मला वेगळ्या गावाला जायचं असायचं, पण मी मंगळवारी दौंड सोडलं नाही. साहेबाला सांगायचो, बाजारपेठ उघडतीय.

सहाव्या मंगळवारी आबांनी खिशातनं घडी घातलेला कागद काढला. वहीतलं पान होतं. लीलाक्काला द्यायला लागले तर तिनं घेतला नाही.

"वाचा."

आबांनी वाचायला सुरुवात केली.

"उभं राहून वाचा. मोठ्यानं. तुमचा आवाज मला माहीत हाय, पार टेसनापर्यंत जातो."

आबा खिडकीत उभे राहिले. रांगेत चाळीसेक माणसं, त्यातली निम्मी रेल्वे कॉलनीतली. रस्त्यावर टांगेवाले थांबले. आता तुम्ही म्हणाल, त्या दिवशी गाडीसुद्धा थांबली असेल. थांबली होती, पण ती तिथं रोजच थांबते.

"लीला दगडू ओव्हाळ," आबांनी वाचलं, "हिला महारोग नव्हता. शिबं होतं. मी तिला हात न लावता रोग सांगितला आणि घरातून काढली. ती चांगली होती. चूक माझी होती." खाली सही, हुद्द्यासकट.

लीलाक्कानं कागद घेतला, दोनदा वाचला, डॉक्टरांच्या हातात दिला. मग आबांच्या शिब्याचा कागद पुढं ओढून त्याच्यावर कनवटीचा शिक्का मारला. दणकन. जर्मनच्या ताटलीतले बोळे उडाले.

आबा दारातनं मागं वळले. "लीले, माफ केलंस का?"

"कागद दिला," ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी दौंडची खोली बंद. वाट बघून झाली होती.

त्यानंतर माझा पट्टा बदलला, मी सोलापूरकडं गेलो. आबा गेल्याचं कळलं, शेवटी घरात, माणसांत गेले म्हणे. पाच-सहा वर्षांनी शिरूरला उतरलो तसा सवयीनं एसटी स्टँडमागं वळलो. रांग तशीच. स्टूल उन्हाबरोबर पश्चिमेच्या दाराकडं निघालेलं. आता लोक पाटीसुद्धा घडाघडा वाचत होते. बाकीचे डॉक्टर जिथं डिग्र्या टांगतात त्या भिंतीवर एकच फ्रेमची जागा होती, आणि फ्रेम खाली काढून टेबलावर उघडी ठेवलेली. आबांचा कागद. समोरच्या खिडकीनं रोज त्याच्यावर ऊन पाडलं होतं. कागद पिवळा पडला होता, बॉलपेनची अक्षरं उडत चालली होती.

डॉक्टर चष्मा कपाळावर सारून, जीभ ओठांत धरून, काळ्या पेनानं ती अक्षरं एकेक करून परत गिरवत होते. आबांचंच वळण, आबांच्याच वेलांट्या. 'न लावता' झालं होतं, 'चूक' झालं होतं, 'माझी होती' चालू होतं.

दारातनं लीलाक्का म्हणाली, "वसंता, सोड आता ते. माणूस मरून गेला. चौदा नंबर कवाचा उभा हाय."

डॉक्टरांनी मान वर केली नाही.

"उजेडात बसव त्याला," ते म्हणाले. "माझी सही राहिलीय फक्त. म्हणजे त्याची."